पोटरी मोकळी होईस्तोवर

सोलापूरच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत महिपतीनं एकवीस वर्षं काढली. मंगळवेढा गाडी कधी, अक्कलकोट लागली का, बार्शी गेली का, फलाट कुठला. दिवसभर माणसं तेच ते विचारायची आणि महिपती विडी ओढत एकेका शब्दात त्यांना वाटेला लावायचा. आपणहून कुणाला काही विचारायचा त्याचा स्वभावच नव्हता. असा माणूस रिटायर झाला आणि शुक्रवार पेठेत दिसेल त्याला प्रश्न विचारत सुटला, तेव्हा पेठेनं त्याचा सरळ अर्थ लावला. कंट्रोलर एकवीस वर्षांचा सूड उगवतोय, असं लोक म्हणू लागले.

रोज सकाळी साडेआठला तो घरातून निघायचा. वाचनालय गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, सहाशे-साडेसहाशे पावलांवर. एवढं अंतर कापायला त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागायची, कारण वाटेत त्याची तीन ठाणी होती. पहिलं शिवलीलाच्या पिठाच्या गिरणीपाशी. "काय शिवलीला, आज ज्वारी कुठली आली? मालदांडी का? मंगळवेढ्याची का भलतीकडची?" दुसरं ऋतुराजच्या मेडिकलपाशी. "काय रे, सर्दीच्या गोळ्या जास्त खपतात का तापाच्या?" आणि तिसरं सिद्धप्पापाशी. सिद्धप्पा चपला शिवायचा. त्याचं दुकान म्हणजे वर एक पत्रा, खाली बसायला पोतं आणि गिऱ्हाइकासाठी एक लाकडी स्टूल.

पहिल्या दोन ठाण्यांवर प्रश्न जास्त आणि उत्तरं कमी. पोरगा मेडिकलवाला तर "आजोबा, गिऱ्हाईक हाय" म्हणून तोंड फिरवायचा. सिद्धप्पापाशी मात्र उलटा मामला. त्याला एक प्रश्न टाकला की तो खाली बघत, टाके घालत सुरू व्हायचा. त्याचा अक्कलकोटचा भाऊ शरणप्पा, शरणप्पाची बांधाची केस, त्याची म्हैस, म्हशीला झालेलं रेडकू, रेडकू मेल्यावर म्हशीनं आटवलेलं दूध. रोज नवी हकिकत. तीन वर्षांत महिपतीला त्या शरणप्पाची इतकी माहिती झाली होती, की स्वतःच्या जावयाची तेवढी नव्हती.

आता खरं काय ते सांगतो. महिपतीला ना ज्वारीशी घेणं होतं, ना म्हशीशी देणं. दोनेकशे पावलं चाललं की त्याच्या डाव्या पोटरीत कळ उठायची. ओलं धोतर पिळावं तशी पोटरी आतून पिळून निघायची. थांबलं की दोन-चार मिनिटांत कळ जायची, चाललं की पुन्हा दोनशे पावलांनी हजर. भर रस्त्यात माणूस उगाच उभा राहिला तर लोक विचारणार, काय झालं? म्हणून लोकांनी विचारायच्या आत हाच विचारायचा. खिडकीत बसून त्याला एवढं नक्की कळलं होतं, की जो विचारतो त्याला उलट कुणी काही विचारत नाही.

लपवायचं कारण मंगळवेढ्याला घडलेलं. त्याचे थोरले भाऊ आदिनाथअण्णा. त्यांचंही असंच पोटरीपासून सुरू झालं. मग अंगठा गेला, मग पाऊल गेलं, मग गुडघ्यापासून खाली पायच काढला. दवाखान्यात चालत गेलेले अण्णा परत आले ते दोघांच्या खांद्यावर. महिपतीनं ते पाहिलं आणि मनाशी पक्कं केलं, की डॉक्टरला पाय दाखवला की पाय जातो. अडाण्यालाही शोभू नये असला तर्क, पण घाबरलेल्या माणसाला कोण समजावणार? पाय जाईल या एका धास्तीनं त्यानं तीन वर्षं बायकोलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. पोटरीत कळ येते असं म्हणायचं नाही आणि विडीही सोडायची नाही, असा दुहेरी कारभार चालला होता.

मग एप्रिलात त्यानं पायमोजे घालायला सुरुवात केली. एप्रिलात, सोलापुरात! चपलेत पायमोजे! ऊन असं की डांबर चपलेला चिकटतंय. बायकोनं, सोजरबाईनं विचारलं तर म्हणाला, "टाचा भेगाळल्यात." ती बिचारी टाचेला लावायला मलम घेऊन आली, तर ते त्यानं घेतलं आणि दार लावून लावलं.

एका मंगळवारी मात्र वाचनालयातून तो परत आला, तर सोजरबाई दारातच उभी. कमरेला पदर खोचलेला.

"डावा अंगटा दावा."

"कुठला अंगठा?"

"पायाचा. मोजा काढा म्हंते मी."

"अगं, टाचा..."

"टाच नगं मला, अंगटा दावा!"

आणि तिनं खाली वाकून मोजा ओढलाच. अंगठ्याचं टोक काळंनिळं पडलेलं, नखाच्या कडेला जखम, आणि तिला ना रक्त ना खपली. सोजरबाई रडली, मग बोलली, मग पुन्हा रडली. अण्णांचं सगळं तिनंही पाहिलं होतं. महिपती खाली मान घालून ऐकत होता, पण त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला होता.

"तुला सांगितलं कुणी?"

"सांगितलं कुनीतरी."

"कोण कुणीतरी?"

"माज्याकडनं शपत घेतलीया. जीव गेला तरी सांगनार न्हाई."

झालं! चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला पहिल्यांदाच खरोखर उत्तर हवं होतं, आणि ते मिळालं नाही. घरात बंद दाराआड काढलेला मोजा कुणी पाहिला? त्याला रात्रभर झोप आली नाही, ती पायापायी का या प्रश्नापायी, ते त्याचं त्यालाच माहीत.

दुसऱ्या दिवशी सोजरबाईनं त्याला रिक्षात घातलं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्तवाहिन्यांच्या सर्जन डॉ. संघप्रिया चाळिशीच्या, ठेंगण्या, आणि बोलता बोलता माणसाचा पाय हातात घेणाऱ्या. त्यांनी महिपतीच्या पावलावर दोन बोटं ठेवली, मग घोट्याच्या मागं, मग गुडघ्याच्या खोबणीत, मग जांघेत.

"काय शोधताय?" महिपतीनं विचारलं.

"नाडी."

"पायात नाडी असते?"

"चार ठिकाणी असते. तुमची डावीकडं जांघेत लागते, तिथून खाली कुठंच लागत नाही." त्यांनी दंडाला पट्टा बांधून प्रेशर बघितलं, मग तसाच पट्टा घोट्याच्या वर बांधून बघितलं. हातात दीडशे, पायात पंचावन्न. "काका, चालता येतं का?"

"भरपूर."

"न थांबता?"

महिपती भिंतीवरचं घड्याळ बघायला लागला.

"थांबलात की काय करता? दुकानं बघता? का कुणाशी बोलत उभे राहता?"

महिपतीला वाटलं, हिलाही कुणीतरी सांगितलंय. "तुम्हाला कसं कळलं?"

"या आजाराचे सगळेच करतात. कुणी मोबाइल काढतं, कुणी चपलेचा पट्टा नीट करतं. पाय दुखतोय हे कुणालाच कबूल करायचं नसतं." आणि त्या सोजरबाईकडं वळल्या. "मावशी, किती वर्षं चाललंय हे?"

"मला इचारू नका, बाई," सोजरबाई म्हणाली. "मला वाटलं, रिकामपनाच्या चौकशा चालल्यात."

मग स्कॅन झाला. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. उजव्या मांडीतली रक्तवाहिनी वरून खाली सलग पांढरी. डावीकडची जांघेखाली वितभर चालली आणि संपली. मधे सगळा अंधार, आणि गुडघ्यापाशी पुन्हा एक बारीक पांढरी रेघ. बंद झालेला तुकडा एवढा लांब होता की फुगा घालून उघडण्यासारखा नव्हता. विडीनं आपलं काम चोख केलं होतं. "बायपास करावी लागेल," डॉक्टर म्हणाल्या.

"ती तर हृदयाची असते."

"पायाचीही असते. पायातलीच एक शीर काढायची, तिचं एक टोक वर जांघेत जोडायचं, दुसरं खाली गुडघ्यापाशी. मधला बंद रस्ता तसाच राहू द्यायचा."

हे महिपतीला लगेच कळलं. रस्ता बंद असला की गाडी कुठून वळवायची, यावर त्याची अर्धी नोकरी झाली होती. समोर संमतीचा कागद आला. त्यावर लिहिलं होतं, की पाय वाचवण्याचा प्रयत्न आहे, जोडलेली शीर बंद पडली तर पाय गुडघ्याखाली काढावा लागू शकतो. ते वाक्य त्यानं तीनदा वाचलं. अण्णांचा रिकामा लेंगा त्याच्या डोळ्यांपुढं आला. सोजरबाई म्हणाली, "करा सई." पेन कागदावर टेकलं आणि थांबलं.

"डॉक्टर, एक विचारू? शीर काढणार म्हणता. पण शिरेतलं रक्त खालून वर जातं ना? हृदयाकडं?"

"बरोबर."

"मग रक्त वर नेणारी शीर खाली कशी आणेल? तिला आडकाठी काही असेलच की. नसती तर उभं राहिल्यावर सगळं रक्त पायातच उतरलं असतं."

डॉ. संघप्रियांनी हातातली फाइल खाली ठेवली. "शिरेत झडपा असतात, एकाच बाजूला उघडणाऱ्या. म्हणून आम्ही ती काढून उलटी करून जोडतो. खालचं टोक वर, वरचं खाली. मग झडपा रक्ताला अडवत नाहीत." त्या हसल्या. "इतकी वर्षं मी हे ऑपरेशन करतेय काका, पण पेशंटनं हे विचारलेलं मला आठवत नाही."

महिपतीनं सही केली. भीती गेली नव्हती, पण या बाईला विचारलेलं कळतं आणि ती खरं सांगते, एवढ्यावर त्यानं आपला पाय तिच्या हवाली केला.

ऑपरेशनला कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं, त्यामुळं वरचा महिपती जागाच होता. छातीपाशी हिरवा पडदा. पडद्यापलीकडून कात्र्यांचे आवाज आणि अलीकडून चौकशी. "शीर निघाली का? ... किती लांब आहे? ... उलटी केली का पण? नक्की?" चौथ्या प्रश्नाला भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "यांना जरा झोपवू का?" आणि त्यांनी झोपवलंच.

जाग आली तेव्हा दुपार झाली होती. पाय पट्ट्यांत गुंडाळलेला. डॉक्टरांनी पावलावर जेल लावून पेनासारखं एक यंत्र टेकवलं, तर त्यातून आवाज आला. हुश्श, हुश्श, हुश्श. त्यांनी त्या जागी निळ्या पेनानं फुली मारली. सोजरबाईनं भीत भीत तिथं बोट ठेवलं.

"उडतंय की वो!" ती म्हणाली. "आनि पाय ऊन लागतोय." तिचं बोट बराच वेळ तिथून हललं नाही. महिपती तोंड भिंतीकडं करून रडला, हे वॉर्डातल्या सगळ्यांनी पाहिलं.

पण खोड कुठं जाते? दुसऱ्या दिवशीपासून भेटायला येणाऱ्यांची हजेरी सुरू झाली. शिवलीला केळी घेऊन आली. "तू बोललीस का घरी?" "कशाबद्दल वो काका?" तिचा चेहरा कोरा. ऋतुराज आला. मलम त्याच्याकडूनच नेलं होतं, म्हणून दाट संशय त्याच्यावरच. "मला वाटलं तुमाला भेगाच पडल्यात," पोरगा म्हणाला, आणि वर त्यालाच वाईट वाटलं. सोजरबाई हे सगळं ऐकून संत्री सोलत होती, आणि तिच्या ओठांची अळीमिळी गुपचिळी.

चौथ्या दिवशी सिद्धप्पा आला. दारातच उभा राहिला. महिपतीच्या तोंडाकडं त्यानं बघितलंही नाही, पायाकडं बघितलं. डाव्या पावलाची पाचही बोटं एकेक करून बघितली.

"ये की आत. शरणप्पाच्या केसची तारीख काय लागली?"

"हाय चालू," सिद्धप्पा म्हणाला, आणि हात जोडून निघून गेला. दुकानात तोंड न मिटता बोलणारा माणूस दोन शब्दांत आटपून गेला, याचं महिपतीला भारी नवल वाटलं. दवाखान्यात बुजला असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

अंगठ्याचं टोक तेवढं काढावं लागलं, नखाएवढं. बाकी सगळा पाय महिपतीचा महिपतीला परत मिळाला. घरी सोडताना डॉक्टरांनी तंबी दिली, "विडी दिसली तर मी पुढचं काही करणार नाही. आणि चालायचं. रोज."

टाके निघाले, जखम भरत आली. महिनाभरानं एका सकाळी सोजरबाईनं त्याच्यापुढं नवे मऊ सँडल ठेवले आणि जुन्या चपला फेकायला उचलल्या. महिपतीनं सहज त्यातली डावी हातात घेतली. आत, जिथं अंगठा टेकतो, तिथं मऊ कातड्याचा एक तुकडा बसवलेला होता. बारीक, नेटके टाके. त्याच्या कडेनं जुन्या तळाला जखमेचा काळपट डाग मुरलेला. पट्टा तुटला म्हणून मार्चमध्ये ही चप्पल त्यानं शिवायला टाकली होती. पट्टा सांगितला होता, अस्तर सांगितलं नव्हतं.

त्यानं सोजरबाईकडं बघितलं. ती म्हणाली, "म्या काय बी बोललेली न्हाई हं," आणि घाईघाईनं आत गेली.

महिपती नवे सँडल घालून निघाला. गिरणीपाशी आला, शिवलीला आतून ओरडली, "मालदांडी हाय काका, मंगळवेढ्याचीच!" यानं हात केला आणि पुढं. दोनशे पावलं झाली. तो कळीची वाट बघत होता, कळ आली नाही. मेडिकल मागं पडलं. चारशे. सिद्धप्पाच्या पत्र्यासमोरून तो मुद्दाम न बघता गेला, कारण आधी त्याला सगळं अंतर मोजायचं होतं. वाचनालयाच्या पायरीवर सहाशे बारा पावलं भरली. एकदाही न थांबता! त्याला पायरीवर नाचावंसं वाटलं. मग तो वळला आणि सिद्धप्पापाशी येऊन स्टुलावर बसला.

"सोजरला तू सांगितलंस."

"व्हय." सिद्धप्पानं मान वर केली नाही.

"मी इथं का थांबायचो, ते ठाऊक होतं तुला?"

"मी खाली बसतोय, सायेब. मला मानसाचं तोंड कमी, पायच दिसत्यात. तुमची पोटरी कशी आवळून यायची, दिसायचं की समदं. ती मोकळी होईस्तोवर मी बोलायचो. मोकळी झाली की गप व्हायचो."

"म्हणजे तू माझ्यासाठी बोलत होतास?"

"मला कुटं येतंय यवडं बोलाया? पर तुमी इचारायचा, आनि पाय तर दुकतोय. दोन शब्दांत कसं भागवू? मग जुळवायचो कायतरी."

"जुळवायचास? आणि शरणप्पा?"

"भाऊ न्हाई मला."

"म्हैस?"

"म्हस बी न्हाई. केस बी न्हाई." सिद्धप्पा कसनुसा हसला. "त्या रेडकाचं मातुर तुमाला लई वाईट वाटलं. दोन रोज इचारत हुता. मलाच कसंतरी झालं."

महिपती हसत सुटला. हसता हसता खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. तीन वर्षं रोज या माणसाला त्यानं प्रश्न विचारले होते. नसलेल्या म्हशीचं दूध किती, हे त्याला पाठ होतं आणि हा समोर बसलेला माणूस रात्री कुणाच्या हातचं जेवतो, हे माहीत नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"सिद्धप्पा, घरी कोण असतं तुझ्या?"

सिद्धप्पाचा हात टाक्यावर थांबला. "आता कोन न्हाई. गुरम्मा हुती."

"बायको?"

"व्हय. चार वर्सं झाली जाऊन." त्यानं दाभण खाली ठेवलं. "ती बी अशीच थांबायची, सायेब. बाजारातनं येताना हर दारात उबी. हिला बोल, तिला बोल. मी म्हनायचो, लई बडबडी बाई हाय, हिला घरची सय न्हाई. अंगटा काळा पडला तवा कळालं. तवर लई उशीर झाला हुता. पाय काडला, पर ती ऱ्हायली न्हाई." त्यानं दाभण पुन्हा उचललं. "मी वरडायचो तिला. चाल की म्हनून."

गल्लीतून एक रिक्षा गेली. महिपतीच्या पोटरीत काहीच दुखत नव्हतं, उठायला कसलीच हरकत नव्हती. त्यानं स्टूल सिद्धप्पाच्या जवळ ओढलं.

"दारादारात थांबून काय बोलायच्या रे गुरम्मा?" त्यानं विचारलं.

सिद्धप्पानं पहिल्यांदाच पायांवरून नजर उचलून त्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि सांगायला लागला.